इरास्मस आणि बासेल येथील हस्तलिखित पोथ्या

आमच्या उपदेशक बंधूंस बाजाराच्या गावी किंवा चावडीपुढे शुभवर्तमान सांगताना एक प्रश्न वारंवार करण्यात येतो. तुमचे हे पुस्तक छापखान्यातून निघालेले आहे. छापखाना होण्यापूर्वी ते कोठे होते, आणि मध्यंतरी कोणी त्यात कमीजास्त केले नसेल कशावरून, असे लोक विचारतात. प्रश्न रास्त आहे, व त्यास रागावून उत्तर देणे बरे नव्हे. ज्या मनुष्याने ग्रीक भाषेतील नवा करार छापून प्रथम लोकांच्या हाती दिला, त्याचे चरित्र जो वाचील त्यास ह्या प्रश्नाचे पुष्कळसे उत्तर मिळेल. आणि ते उत्तर आपण समजतो तितके सरळ नाही, हेही त्याच्या ध्यानात येईल. म्हणून रॉटरडॅमच्या इरास्मसाची हकीकत आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहो. आपल्या जुन्या मराठी शास्त्रात जिला हेल्लेणी भाषा म्हटले आहे तीच ही ग्रीक भाषा, हे येथे सांगून ठेवितो.

इरास्मसाचा जन्म हॉलंड देशातील रॉटरडॅम शहरी, ऑक्टोबर महिन्यात झाला; साल १४६६ किंवा त्याच्या पुढचे दोनतीन. त्याचा बाप गेरार्ड हा रोमन मंडळीचा याजक होता, आणि त्या मंडळीत याजकास लग्न करण्याची मोकळीक नसल्यामुळे इरास्मस व त्याचा वडील भाऊ हे दोघेही लग्नावाचून झालेले पुत्र होते. ही गोष्ट त्यास जन्मभर सलत राहिली. मोठा विद्वान म्हणून त्याचे नाव सर्व युरोपात झाल्यावरही, आपल्या जन्मातील ह्या उणिवेविषयी त्यास पोपाकडून माफीचा लेख मागून घ्यावा लागला. त्याच्या बापाने तरुणपणी इटलीत राहून हाताने पुस्तके नकलून पोट भरले होते असे सांगतात. तसे असेल तर जुन्या पोथ्यांची गोडी त्यास घरूनच लागली म्हणावयाची.

डेव्हेंटर गावच्या शाळेत असता महामारी आली. तीत आई मरण पावली व तिच्यामागून लवकरच बापही गेला. पोरक्या मुलांचे जे पालक होते त्यांनी त्यांच्या शिक्षणाची फारशी काळजी वाहिली नाही; मठात घातले म्हणजे आपली जबाबदारी संपली, असा त्यांचा विचार दिसतो. सुमारे १४८७ साली इरास्मस स्टेन येथील मठात गेला आणि १४९२ च्या एप्रिल महिन्यात त्यास याजकपदाची दीक्षा मिळाली. मठातील जिणे त्याच्या प्रकृतीस मानवले नाही. तेथे पुस्तके होती एवढाच काय तो त्यास दिलासा. पुढे कांब्रे येथील बिशपाने त्यास आपला चिटणीस म्हणून बाहेर काढले, व १४९५ साली त्यास पॅरिस येथे शिकावयास जाण्याची परवानगी मिळाली. पण पैसा मात्र वेळेवर येत नसे. ज्या वसतिगृहात तो राहिला तेथील नासकी अंडी व ओलसर खोल्या ह्यांचा उल्लेख त्याने पुढे म्हातारपणापर्यंत तिटकाऱ्याने केला आहे. त्याची प्रकृती जी तेथे बिघडली ती कायमचीच.

१४९९ साली एका इंग्रज विद्यार्थ्याबरोबर तो इंग्लंडास गेला, आणि तेथे त्याच्या आयुष्यास वळण लागले. ऑक्सफर्ड येथे जॉन कॉलेट नावाचा एक विद्वान त्या वेळी पौलाच्या पत्रांवर व्याख्याने देत असे. त्या काळचे पंडित एकेका वचनाचे चार चार गूढार्थ काढून त्यांवर वाद घालीत. कॉलेट मात्र पौल कोणास, कोणत्या प्रसंगी व काय म्हणून लिहीत आहे, एवढेच पाहू लागला. इरास्मसास ही रीत पटली. परंतु एक गोष्ट त्याच्या लक्षात आली, ती ही की पौलाने पत्रे ग्रीक भाषेत लिहिली, आणि कॉलेटास ग्रीक येत नव्हते. त्यालाही ती जेमतेमच येत होती. मूळ भाषा न जाणता शास्त्राचा अर्थ सांगणे म्हणजे परक्याच्या सांगण्यावरून साक्ष देणे होय, असे त्याच्या मनाने घेतले.

परत येताना डोव्हर बंदरावर जकातीच्या लोकांनी त्याच्याजवळचे बहुतेक सर्व पैसे काढून घेतले, कारण देशातून नाणे बाहेर नेण्यास मनाई होती. अशा रिकाम्या हातांनी पॅरिसला येऊन तिशी उलटलेला हा मनुष्य ग्रीक शिकू लागला. पैसे मिळाले तर आधी ग्रीक पुस्तके घ्यावी व मग वस्त्रे, असा त्याने त्या दिवसांत एका मित्रास मजकूर लिहिला होता. चांगला शिक्षक मिळाला नाही, म्हणून पुष्कळसे त्याचे तोच शिकला. आमच्यापैकी ज्यांनी सेमिनरीत वर्गात बसून, गुरूंच्या व कोशाच्या साहाय्याने ग्रीक क्रियापदे घोकली आहेत, त्यांस हे काम एकट्याने करणे काय असते ह्याची थोडीबहुत कल्पना करता येईल.

१५०४ साली लूव्हेन शहराजवळच्या एका मठाच्या ग्रंथालयात पुस्तके चाळीत असता त्यास एक हस्तलिखित सापडले. लोरेंझो वाला नावाच्या इटालियन पंडिताने, सुमारे अर्धशतकापूर्वी, लॅटिन नव्या कराराची ग्रीक पोथ्यांशी ताडून पाहणी केली होती आणि जेथे जेथे लॅटिन भाषांतर चुकले किंवा नकलनविसांनी बिघडविले असे त्यास वाटले तेथे तेथे टिपा लिहिल्या होत्या. इरास्मसाने हे पुस्तक पुढच्याच वर्षी पॅरिस येथे छापविले. वालाने जे थोडक्यात केले ते आपण संपूर्ण करावे, हा हेतू तेव्हापासून त्याच्या मनात घर करून राहिला. मध्यंतरी तो इटलीत गेला, तेथे पंडितपदवी मिळविली, व्हेनिस येथील प्रसिद्ध छापखान्यात राहून खिळे जुळविणाऱ्यांच्या गलबल्यात आपले म्हणींचे मोठे पुस्तक लिहिले. पुन्हा इंग्लंडास जाऊन केंब्रिज येथे ग्रीक शिकविली. ह्या सर्व काळात जेथे जेथे नव्या कराराची जुनी पोथी दिसेल तेथे तो ती पाही व टिपणे करी.

येथे पोथ्यांविषयी थोडे विस्ताराने सांगणे अवश्य आहे. प्रेषितांनी स्वहस्ते लिहिलेली किंवा सांगून लिहविलेली पत्रे आज कोठेही नाहीत. ती मंडळ्यांत वाचली गेली, एका मंडळीने दुसरीस नकलून दिली, आणि नकलेवरून नक्कल अशा रीतीने चौदाशे वर्षे चालले. आरंभीच्या नकला पपायरस नावाच्या लव्हाळ्याच्या कागदावर होत, पुढे कमावलेल्या पातळ कातड्यावर होऊ लागल्या. सर्वांत जुन्या कातडी पोथ्यांतील अक्षरे मोठी व सुटी असत. नवव्या शतकाच्या सुमारास लहान, जोडून लिहिलेल्या अक्षरांचे वळण चालू झाले, कारण त्याने हात भरभर चाले व कातडेही कमी लागे. आपल्याकडे बाळबोध आणि मोडी ह्यांत जे अंतर, तसलेच काहीसे हे. मधल्या युगातील बहुतेक सर्व ग्रीक पोथ्या ह्या जोडवळणाच्या आहेत.

हाताने नकलताना चुका होतात, हे कोणास सांगावयास नको. दोन ओळींचा शेवट एकाच शब्दाने होत असला म्हणजे नकलणाऱ्याची नजर पहिलीवरून दुसरीच्या शेवटावर जाते आणि मधली ओळ गळते. कोणी समासात समजुतीसाठी दोन शब्द लिहितो. पुढचा नकलणारा ते मूळचेच समजून आत घालतो. मत्तयाच्या शुभवर्तमानातील शब्द तोंडपाठ असल्यामुळे लूक लिहिताना हात मत्तयाकडे वळतो. ह्यांत लबाडी फारशी नाही. बहुतेक थकवा, अंधुक उजेड व चांगली इच्छा, एवढेच. ह्यास उपाय एकच, तो म्हणजे पुष्कळ पोथ्या जमवून एकमेकींशी ताडून पाहणे. निरनिराळ्या देशांतील नकलणारे एकाच ठिकाणी एकच चूक क्वचितच करतात.

१५१४ साली इरास्मस ऱ्हाईन नदीकाठच्या बासेल शहरी आला. तेथील छापखानेवाला योहान फ्रोबेन ह्याने ग्रीक नवा करार छापण्याची गोष्ट काढली. तिकडे स्पेन देशात कार्डिनल हिमेनेस ह्याच्या आश्रयाने पुष्कळ पंडित मिळून बहुभाषी शास्त्र तयार करीत होते, आणि त्यातील ग्रीक नवा करार १५१४ च्या जानेवारीतच छापून तयार होता. पण पोपाच्या परवानगीवाचून तो बाहेर निघाला नव्हता, आणि ती परवानगी १५२० पर्यंत आली नाही. आपण आधी काढावा अशी घाई फ्रोबेनास झाली असावी असे पुष्कळांचे मत आहे. व्यापाऱ्याची घाई व पंडिताची उत्सुकता एकत्र झाली म्हणजे काम लवकर होते. चांगले होतेच असे नाही.

इरास्मसाची समजूत होती की बासेल येथे नीट तपासलेल्या पोथ्या आयत्याच मिळतील. मिळाल्या त्या अशा. डॉमिनिकन साधूंच्या मठात काही ग्रीक पोथ्या होत्या. त्यांपैकी काही रागुसाच्या योहानाने दिलेल्या होत्या. हा योहान १४३५ साली बासेलच्या धर्मसभेचा वकील म्हणून कॉन्स्टंटिनोपल येथे गेला होता व तिकडून पुस्तके मिळवून आला होता. अठरा वर्षांनी, १४५३ साली, ते शहर तुर्कांच्या हाती पडले. तेव्हा ती पुस्तके वेळेवरच बाहेर निघाली म्हटले पाहिजे. शुभवर्तमानांसाठी इरास्मसाने जी पोथी मुख्य धरली ती सुमारे बाराव्या शतकातील असून जेमतेम वीतभर उंचीची आहे. साधूंनी ती दोन गुल्डेनांस विकत घेतली होती असे सांगतात. प्रेषितांची कृत्ये व पत्रे ह्यांसाठी तशाच काळातील दुसरी एक पोथी घेतली. ह्या दोन पोथ्या मधल्या युगात ग्रीक मंडळ्यांत जो पाठ सर्वत्र चालू होता त्याच्या आहेत. तिसरी एक पोथी त्याच मठात होती, तीही बाराव्या शतकातील. तिच्यात प्रकटीकरणाखेरीज सर्व नवा करार आहे, व तिच्यातील शुभवर्तमानांचा पाठ चालू पाठाहून पुष्कळ ठिकाणी निराळा व जुन्या परंपरेचा आहे. पण हा निराळेपणा लॅटिन भाषांतरास जुळवून घेण्यासाठी कोणी मुद्दाम केला असावा असा संशय घेऊन इरास्मसाने ती फारशी वापरली नाही. १९०२ साली कर्सप लेक ह्या विद्वानाने तिचा व तिच्यासारख्या इतर पोथ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हा तिची खरी योग्यता कळून आली. आठव्या शतकातील शुभवर्तमानांची एक मोठ्या अक्षरांची पोथीही त्याच ग्रंथालयात होती. तिला तर त्याने हातच लाविला नाही.

ह्या पोथ्या नकलून घेण्यास वेळ कोठला? इरास्मसाने त्याच पोथ्यांच्या ओळींमध्ये व समासांत आपल्या दुरुस्त्या लिहिल्या आणि त्या तशाच छापखान्यात पाठविल्या. खिळे जुळविणाऱ्यांनी पान कोठे संपते ह्याच्या खुणा त्यांवर केल्या. चारशे वर्षांच्या पोथीचा असा कच्च्या मसुद्यासारखा उपयोग करणाऱ्या मनुष्यास आजचा ग्रंथपाल दाराबाहेर काढील. तथापि त्या खुणांमुळेच इरास्मसाने कोणते पान कोठून घेतले हे आज आम्हांस बिनचूक सांगता येते. ह्या पोथ्या बासेलच्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात आजही जपून ठेविल्या आहेत.

प्रकटीकरणाची गोष्ट सर्वांत निराळी. त्या पुस्तकाची ग्रीक पोथी बासेलात नव्हतीच. इब्री भाषेचा प्रसिद्ध पंडित रॉइखलिन ह्याच्याजवळ एक होती, ती उसनी आणिली. तिच्यात मूळ वचने व त्यांवरील एका जुन्या बिशपाची टीका इतकी मिसळून लिहिलेली होती की कोणते कोणाचे हे ओळखण्यास त्रास पडे. त्यातून तिचे शेवटचे पान गळालेले. बाविसाव्या अध्यायाची सोळाव्या ओवीपासूनची शेवटची सहा वचने तिच्यात नव्हती. छापखाना थांबला होता. दुसरी पोथी नव्हती. तेव्हा इरास्मसाने लॅटिन शास्त्र समोर ठेवून त्या सहा वचनांचे आपणच ग्रीक भाषांतर केले आणि ते छापले. ह्याच वचनांत ह्या पुस्तकात भर घालणाऱ्यास व त्यातून काढून टाकणाऱ्यास कडक ताकीद आहे, हे वाचकांस आठवतच असेल.

त्याने ही गोष्ट लपविली नाही. आपल्या टिपांत ती कबूल केली. पण टिपा कोण वाचतो? छापलेला मजकूर पुढे गेला आणि टीप मागे राहिली. त्याच्या लॅटिन प्रतीत झाडाच्या जागी पुस्तक असा शब्द चुकून पडलेला होता. लॅटिन भाषेत ते दोन शब्द दिसावयास सारखे आहेत. त्यामुळे एकोणिसाव्या वचनात ज्या ठिकाणी जुन्या ग्रीक पोथ्यांत जीवनाचे झाड आहे तेथे जीवनाचे पुस्तक असे छापले गेले, आणि तसेच ते पुढे १६११ सालच्या इंग्रजी शास्त्रातही उतरले. ती रॉइखलिनची पोथी नंतर कोठे गेली ते साडेतीनशे वर्षे कोणास ठाऊक नव्हते. १८६१ साली डेलिट्झ ह्या जर्मन पंडितास ती एका सरदार घराण्याच्या ग्रंथसंग्रहात सापडली. आता ती ऑग्जबर्ग येथील विद्यापीठात आहे. सापडल्यावर इरास्मसाने तिच्यातून काय घेतले व काय स्वतः घातले हे ताडून पाहता आले.

आम्ही हे वाचकांपासून झाकून ठेवावयास हवे होते, असे कोणास वाटण्याचा संभव आहे. आम्हांस तसे वाटत नाही. ही चूक कोणी विरोधकाने शोधून काढली नाही. शास्त्रावर प्रीती करणाऱ्यांनीच ती शोधली, सांगितली व दुरुस्त केली. आज नव्या कराराच्या पाच हजारांहून अधिक ग्रीक पोथ्या व त्यांचे तुकडे मोजलेले आहेत, आणि त्यांत इरास्मसाच्या पोथ्यांहून आठशे व हजार वर्षांनी जुन्याही आहेत. सीनाय डोंगरावरील मठातून १८४४ व १८५९ साली उजेडात आलेली चौथ्या शतकातील पोथी पुष्कळांस नावाने ठाऊक आहे. ह्या सर्व ताडून पाहिल्या तर पाठभेद हजारोंनी निघतात. त्यांपैकी बहुतेक अक्षरांचे व शब्दांच्या क्रमाचे आहेत. काही मोठे आहेत, जसे मार्काच्या शेवटची बारा वचने आणि व्यभिचारात धरलेल्या स्त्रीची गोष्ट. त्यांविषयी नव्या भाषांतरांत उघड टीप असते. चावडीपुढे प्रश्न आला तर हेच सांगावे.

१५१५ च्या शरदृतूत छापण्याचे काम सुरू झाले व १५१६ च्या आरंभी, सुमारे सहा महिन्यांच्या आत, हजार पानांचा ग्रंथ बाहेर पडला. एका स्तंभात ग्रीक, शेजारच्या स्तंभात इरास्मसाने सुधारलेले लॅटिन, व शेवटी टिपा. प्रूफे तपासण्याच्या कामी ओकोलांपाडियस नावाचा एक तरुण विद्वान होता. त्याचे नाव वाचकांनी ध्यानात ठेवावे. छापण्याच्या चुका शेकडो राहिल्या. ग्रंथ पोप दहावा लिओ ह्यास अर्पण केलेला होता.

त्या ग्रंथाच्या आरंभी इरास्मसाने जे निवेदन लिहिले, ते आमच्या खेड्यांतील मंडळ्यांनी ऐकण्याजोगे आहे. शास्त्र केवळ पंडितांसाठी आहे, असे जे मानीत त्यांच्याशी आपले मुळीच पटत नाही, असे तो तेथे सांगतो. अगदी साध्या स्त्रियांनीही शुभवर्तमान व पौलाची पत्रे वाचावी, ती सर्व भाषांत व्हावी, तुर्क व सारासेन ह्यांसही ती वाचता यावी; शेतकऱ्याने नांगराच्या मागे चालताना त्यातील काही गावे, कोष्ट्याने धोट्याच्या तालावर ते गुणगुणावे, वाटसरूने त्याच्या गोष्टींनी वाट हलकी करावी, अशी त्याची इच्छा होती. हे त्याने लॅटिन भाषेत लिहिले, जी नांगरणाऱ्यास कळत नव्हती. त्याने स्वतः कोणत्याही लोकभाषेत शास्त्राचे भाषांतर कधी केले नाही. ते काम इतरांनी केले. मार्टिन लूथर त्या वेळी विटेनबर्ग येथे रोमकरांस पत्र शिकवीत होता. नवव्या अध्यायाशी आला असता त्याच्या हाती हे पुस्तक आले, आणि तेथून पुढे तो ते जवळ ठेवून शिकवू लागला. दुसऱ्या, १५१९ सालच्या आवृत्तीवरून त्याने जर्मन नवा करार केला, तो १५२२ त छापला. विल्यम टिंडेल ह्याचा इंग्रजी नवा करार १५२६ चा. त्याच्याही मुळाशी इरास्मसाचाच ग्रीक ग्रंथ होता.

एका शब्दाचे उदाहरण देतो. योहान बाप्तिस्मा करणारा अरण्यात जे सांगत आला, आणि प्रभूनेही ज्या शब्दाने आपल्या उपदेशास आरंभ केला, त्या शब्दाचे लॅटिन भाषांतर असे होते की लोक त्याचा अर्थ प्रायश्चित्त करा असा घेत. म्हणजे याजक सांगेल ते उपास, यात्रा व दंड पुरे करा. ग्रीक शब्दाचा अर्थ मन पालटणे असा आहे, हे इरास्मसाने आपल्या टिपेत दाखविले. १५१७ साली लूथरने जे पंच्याण्णव मुद्दे लिहिले त्यांतील पहिलाच ह्या शब्दाविषयी आहे. आपल्या मराठी शास्त्रात तेथे पश्चात्ताप हा शब्द आहे.

विरोधही लवकरच उठला. इंग्लंडातील एडवर्ड ली व स्पेनमधील एक पंडित ह्यांनी त्याच्या चुकांच्या याद्या छापल्या. योहानाच्या शुभवर्तमानाच्या पहिल्या ओवीत त्याने एका लॅटिन शब्दाच्या जागी दुसरा घातला, तेव्हा उपदेशपीठांवरून त्यास पाखंडी म्हणण्यात आले. सर्वांत मोठा गवगवा योहानाच्या पहिल्या पत्राच्या पाचव्या अध्यायाविषयी झाला. स्वर्गात साक्ष देणारे पिता, शब्द व पवित्र आत्मा हे तीन आहेत, अशी वचने लॅटिन शास्त्रात होती. इरास्मसाने पाहिलेल्या एकाही ग्रीक पोथीत ती नव्हती, म्हणून त्याने ती छापली नाहीत. तो त्रैक्य नाकारतो, असा आरोप झाला. त्याने रोम येथील एका मित्राकडून पोपाच्या ग्रंथालयातील अतिप्राचीन पोथी १५२१ साली पाहविली; तिच्यातही ती वचने नव्हती. इतक्यात इंग्लंडातून एक ग्रीक पोथी दाखविण्यात आली, जिच्यात ती होती. ही पोथी हल्ली डब्लिन येथे आहे, आणि ती त्याच सुमारास लिहिलेली असून ती वचने लॅटिनवरून घेतलेली आहेत असे तज्ज्ञ मानतात. इरास्मसासही तसाच संशय होता. तथापि निंदकांस जागा नको म्हणून त्याने १५२२ च्या तिसऱ्या आवृत्तीत ती घातली. एक जरी पोथी दाखविली तरी घालीन असे वचन त्याने दिले होते, अशी गोष्ट सांगतात. पण त्याचे लेख शोधून पाहणाऱ्यांस असे वचन कोठे आढळले नाही. वचन नव्हते तर भय होते, असे आम्हांस म्हणावे लागते. त्रैक्याचे सत्य त्या एका ओवीवर अवलंबून नाही हे तो जाणत होता, आणि तेथे त्याने ठाम उभे राहावयास हवे होते. अलीकडची भाषांतरे ती वचने मजकुरात घेत नाहीत, किंवा टीप देतात.

हा भित्रेपणा लूथरच्या बाबतीतही दिसतो, असे प्रॉटेस्टंट लोक नेहमी म्हणत आले आहेत. मंडळीतील लोभ, अज्ञान व ढोंग ह्यांवर इरास्मसाने जितके कोरडे ओढले तितके क्वचितच कोणी ओढले असतील; पण मंडळी फुटू लागली तेव्हा तो मागे सरला. १५२४ साली मनुष्याच्या इच्छास्वातंत्र्याविषयी त्याने लूथरविरुद्ध पुस्तक लिहिले व पुढच्या वर्षी लूथरने त्यास जहाल उत्तर दिले. त्यानंतर त्यांचे जुळले नाही. रोमन पक्ष त्यास लूथरचा बाप म्हणे, आणि लूथरचा पक्ष त्यास फितूर म्हणे. रक्तपाताच्या भयाने एखादा मनुष्य मागे राहिला तर त्यास केवळ भित्रा म्हणावे की काय, ह्याविषयी आमचे मन निश्चित नाही. त्याच्या मरणानंतर शंभर वर्षे धर्माच्या नावाने युरोपात जी युद्धे झाली ती वाचली म्हणजे तर नाहीच.

१५२७ च्या चौथ्या आवृत्तीत त्याने स्पेनचा ग्रंथ पाहून प्रकटीकरणात पुष्कळ दुरुस्त्या केल्या, तरी आपण घातलेले काही शब्द तसेच राहू दिले. १५३५ ची पाचवी शेवटची. पुढे पॅरिस येथे एस्तिएन ह्याने १५५० त व हॉलंडमध्ये एल्झेव्हिर ह्यांनी १६३३ त जे ग्रीक नवे करार छापले ते थोड्याफार फरकाने हेच, आणि हाच पाठ जवळजवळ तीनशे वर्षे सर्व प्रॉटेस्टंट भाषांतरांचा आधार होऊन बसला. डॉ. कॅरी साहेब, जे पूर्वी मोचीकाम करीत, त्यांनी वैजनाथ पंडितांच्या साहाय्याने मराठी नवा करार सिद्ध करून १८११ साली श्रीरामपूर येथे छापला, तेव्हा युरोपात ग्रीक शिकणाऱ्यांच्या हाती हाच पाठ होता. बासेलच्या मठातील त्या वीतभर पोथीचा आणि आपल्या भाषेचा संबंध आला तो असा.

१५२९ साली बासेलातील मूर्ती व वेद्या फोडण्यात आल्या आणि शहराने सुधारलेला पंथ स्वीकारला. त्या चळवळीचा पुढारी कोण, तर तेरा वर्षांपूर्वी छापखान्यात प्रूफे तपासणारा तो ओकोलांपाडियस. इरास्मस नावेत बसून ऱ्हाईन नदीने निघून गेला व सहा वर्षे फ्रायबुर्ग येथे राहिला. १५३५ च्या उन्हाळ्यात त्याचे दोन जिवलग इंग्रज मित्र, बिशप जॉन फिशर व टॉमस मोर, हेन्री राजाच्या हुकुमाने शिरच्छेद पावले. त्याच वर्षी तो आपले एक पुस्तक छापवून घेण्यासाठी पुन्हा बासेलास आला आणि फ्रोबेनाच्या मुलाच्या घरी उतरला. पोपाने त्यास कार्डिनल करण्याची गोष्ट काढली होती; त्याने ती नाकारली. संधिवाताने हात धरले होते तरी तो लिहीतच होता.

१५३६ च्या जुलै महिन्यात, अकरा तारखेच्या रात्री, तो वारला. जवळ याजक नव्हता, मित्र होते. लॅटिनखेरीज दुसरे काही फारसे न बोलणारा हा मनुष्य शेवटी देवाचे नाव आपल्या बालपणीच्या डच भाषेत घेत होता, असे त्याच्या मित्रांनी लिहून ठेविले आहे. रोमन मंडळी न सोडलेल्या त्याच्या देहास प्रॉटेस्टंट शहराने आपल्या मुख्य देवळात सन्मानाने जागा दिली. तेवीस वर्षांनी रोम येथे निषिद्ध पुस्तकांची यादी झाली, तीत त्याची सर्व पुस्तके घातली गेली. त्याने मृत्युपत्र करून आपला मित्र आमरबाख ह्याच्या हाती आपला पैसा सोपविला होता. तो म्हाताऱ्या व दुखणाईत गरिबांस, लग्नाच्या गरीब मुलींस आणि होतकरू विद्यार्थ्यांस वाटावा असे त्यात लिहिले होते, आणि आमरबाखाने तो पुढे पुष्कळ वर्षे त्याप्रमाणे वाटला.